‘रजिस्ट्री करप्ट है’ म्हणणाऱ्याच्या हाती कॉम्प्युटर देऊ नका

खेड्यापाड्यांत ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझं केंद्र यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका गावात आहे. पीएम किसानच्या केवायसीची गर्दी होती, आणि नेमका त्याच सकाळी अंगठ्याच्या मशीनचा लाइट लागेना. रात्री विंडोजचं अपडेट होऊन गेलं होतं. बाहेर बाकावर पेरणी सोडून आलेली माणसं. “काहून बसवून ठेवलं भौ, होते का नाही आज?”

मशीनच्या कंपनीची हेल्पलाइन गुगलवर शोधली. सगळ्यात वर आलेला नंबर म्हणजे जाहिरात होती, वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं. लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी अदबीनं बोलणारा. लांबून कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप त्यानं टाकायला लावलं, त्यातला नऊ आकडी नंबर विचारला, आणि माझा माउस आपोआप फिरू लागला.

त्याचा खेळ नीट समजून घ्या. त्यानं ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडलं. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खालपर्यंत यादीच यादी. “देखिए सर, ये सब एरर। आपकी रजिस्ट्री पूरी करप्ट है।” आता खरं काय ते सांगतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथं साठवतं ती वही. आणि त्यानं दाखवलेली यादी ही विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर बंद होता, तरी तिथं नोंद पडते. धडधाकट कॉम्प्युटरवरही अशा शेकडो नोंदी असतात. त्यानं ज्या 10016 नंबरच्या नोंदीवर बोट ठेवून घाबरवलं, ती दुर्लक्षित केली तरी चालते असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. हे मला नंतर कळलं.

मग ‘रजिस्ट्री क्लीनर’साठी 4,999 रुपये. यूपीआयनं दिले. रजिस्ट्री साफ करणाऱ्या असल्या सॉफ्टवेअरची विंडोजला गरज नसते आणि मायक्रोसॉफ्ट त्यांना पाठिंबाही देत नाही. पण पैशापेक्षा पुढचं वाईट. “क्लीनिंग चालू है, स्क्रीन को हाथ मत लगाना,” म्हणत त्यानं रजिस्ट्री एडिटर उघडलं आणि भराभर काहीतरी टाइप केलं. स्क्रीन मध्येच काळी करत होता. संध्याकाळी एकही वेबसाइट उघडेना, वायफाय मात्र फुल. कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडायला जावं तर ‘प्रशासकाने बंद केले आहे’ असा संदेश. तेवढ्यात त्याचाच फोन. “सर, वायरस वापस आ गया, इस बार 9,999 लगेंगे।” धंदा बंद, बाहेर माणसं, तेही दिले.

पुसदला शिकणारा माझा भाचा दुसऱ्या दिवशी आला आणि हसायलाच लागला. “मामा, व्हायरस नाही हा. त्यानंच हे करून ठेवलं.” रजिस्ट्रीत करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन असं एकात एक उघडत गेलं की ‘पॉलिसीज’ आणि त्यात ‘सिस्टम’ सापडतं. तिथं ‘डिसेबल टास्क मॅनेजर’ची एक नोंद, किंमत 1. ती काढली, टास्क मॅनेजर उघडला. नेट अडलं होतं प्रॉक्सीमुळं, म्हणजे नेट ज्या मधल्या कॉम्प्युटरवरून जातं त्याच्या पत्त्यामुळं. अस्तित्वातच नसलेल्या प्रॉक्सीचा पत्ता त्यानं टाकून ठेवला होता. त्यासाठी तर रजिस्ट्रीत जायचीही गरज नव्हती, विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सीचं बटण असतं, तेवढं बंद केलं. रजिस्ट्रीतली ती नोंद काढण्याआधी भाच्यानं ‘एक्सपोर्ट’ करून त्या भागाची कॉपी ठेवली. कोणीही रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी हे करत नसेल, तर त्याला तिथंच थांबवा.

आणि अंगठ्याचं मशीन? अपडेटनंतर त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठा आधारशी जुळवायला मशीनला लागणारं सॉफ्टवेअर, बंद पडली होती. ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘स्टार्ट’ दाबलं, लाइट लागला.

मला खरी धास्ती पैशाची नव्हती. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गावातल्या माणसांचे आधार, पासबुक, सातबारा स्कॅन करून पडलेले होते. स्क्रीन काळी असताना त्यानं त्यातलं काय नेलं, हे आजही सांगता येत नाही. ज्यांचे कागद होते त्यांना मी बोलावून सांगितलं, आधार ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून दिलं. काही बोलले, चार शिव्या पडल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा दुसरी रक्कम समोरच्या खात्यात गोठवता आली, पहिली निघून गेली होती. म्हणून पैसे गेल्याचं कळताच फोन करा, सकाळची वाट पाहू नका. लांबून कॉम्प्युटर चालवायचं ते ॲप अजून कॉम्प्युटरवर असेल तर आधी नेट तोडा, मग ॲप काढा, आणि पोर्टलचे व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. त्याच कॉम्प्युटरवर बदलले तर नवेही त्याला कळू शकतात.