पहिल्या सेमिस्टरला अँकी: टाकून घ्या, पण डेक स्वतःचा बनवा

नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, लॅपटॉप कुठला घेऊ? टॅबलेट लागेलच का?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. जो आहे तो चालेल, आधी त्यावर अँकी टाका. फिजिओथेरपी शिकताना मी हे अ‍ॅप रोज वापरायचे. आता पहिल्या वर्षाची अ‍ॅनाटॉमीची प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे ते वापरणारी आणि नुसतंच डाउनलोड करून ठेवणारी, अशी दोन्ही प्रकारची मुलं समोर असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप आहे. समोर प्रश्न येतो, तुम्ही मनातल्या मनात उत्तर द्यायचं, कार्ड उलटून बघायचं आणि किती आठवलं त्याप्रमाणे चारपैकी (अगेन, हार्ड, गुड, इझी) एक बटण दाबायचं. ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे अ‍ॅप ठरवतं. आठवलं तर काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी. विसरलात तर लगेच. डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये हे सुरू केलं. कॉम्प्युटरवर ते मोफत आहे आणि मुक्तस्रोत आहे.

आता हे विद्यापीठातच का लागतं? शाळेत विसरायची सोयच नव्हती. गृहपाठ, घटक चाचणी, वर्गात उभं करून विचारलेला प्रश्न, अशी कुणी ना कुणी उजळणी करूनच घ्यायचं. इथे ऑगस्टमध्ये एकदा शिकवलेलं थेट डिसेंबरात विचारतात आणि मधल्या काळात तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हजेरी लागली, नोट्स झाल्या, सगळं कसं छान चाललंय असं वाटत राहतं. हा मधला काळ अँकी भरून काढतं. माझ्या मते त्याचं काम एवढंच, पण ते काम दुसरं काही इतकं नीट करत नाही.

यामागचं तत्त्व जुनं आहे. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, आपण किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि 1885 मध्ये ते छापलं. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा प्रयोग मात्र रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा, 2006 सालचा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे नोट्स तिसऱ्यांदा वाचताना "येतंय की सगळं" असं वाटतं, ते त्या क्षणापुरतं खरंच असतं! पंचाईत अशी की परीक्षा त्या क्षणी नसते.

अ‍ॅप टाकल्यावर पहिल्याच दिवशी बहुतेक मुलं सीनिअर्सकडून हजारो कार्डांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, घेतात. माझा याला विरोध आहे. कार्ड बनवताना, यातलं नेमकं काय विचारण्यासारखं आहे, हे ठरवावं लागतं आणि निम्मा अभ्यास तिथेच होतो. तयार डेकमध्ये वर्गात अजून न शिकवलेल्या गोष्टींची कार्डं येतात. मग मुलं न समजलेलं उत्तर त्याच्या आकारावरून ओळखायला लागतात. लांब उत्तर, दुसऱ्या ओळीत ठळक शब्द, बरोबर! व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की संपलं. ही घोकंपट्टीच, फक्त मोबाइलवर केलेली.

कार्ड कसं असावं हे एका उदाहरणाने सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. नवखा विद्यार्थी कार्ड बनवतो, "मनगटातली आठ हाडं सांगा." हे वाईट कार्ड. सात आठवली, एक राहिलं, तर कुठलं बटण दाबणार? आणि जे राहतं ते दर वेळी तेच राहतं. त्यापेक्षा हाताचं चित्र घ्या आणि अँकीतल्या इमेज ऑक्लूजनने प्रत्येक हाड वेगळं झाका. एका चित्रातून आठ कार्डं होतात, प्रत्येकावर एकच प्रश्न. मग त्यातल्या महत्त्वाच्या हाडावर "का" विचारणारं कार्ड घाला. उदाहरणार्थ, "स्कॅफॉइड मोडलं तर कुठल्या भागाचा रक्तपुरवठा तुटायची भीती असते, आणि का?" उत्तर, प्रॉक्सिमल (कोपराकडच्या) भागाचा, कारण मुख्य रक्तपुरवठा डिस्टल (बोटांकडच्या) बाजूने आत शिरून मागे जातो. हे कार्ड ज्याने स्वतः लिहिलं तो व्हायव्हात अडखळत नाही, कारण त्याला नाव आणि कारण एकत्रच आठवतं.

इमेज ऑक्लूजन 2023 च्या 23.10 आवृत्तीपासून अ‍ॅपमध्येच आहे, त्याआधी वेगळं अ‍ॅड-ऑन घालावं लागायचं. त्याच आवृत्तीत एफएसआरएस नावाची वेळापत्रकाची नवी पद्धत आली. डेक ऑप्शन्समध्ये तिचं बटण आहे, ते चालू करा आणि बाकीच्या आकड्यांना हात लावू नका. 90 टक्के आठवण राहावी असं तिचं मूळ उद्दिष्ट असतं, ते 97 करायचा मोह होतो. केलंत तर रोजची कार्डं इतकी वाढतील की महिन्याभरात अ‍ॅप उडवून टाकाल.

चार बटणांपैकी मुलं सर्वाधिक गैरवापर करतात ते "हार्ड"चा. आठवलंच नाही, पण "अगेन" (म्हणजे विसरलो, पुन्हा दाखव) दाबायला जिवावर येतं म्हणून "हार्ड" दाबतात. अ‍ॅपच्या हिशोबात "हार्ड" म्हणजे आठवलं, पण कष्टाने. विसरल्यावर ते दाबलं की अ‍ॅपला वाटतं तुम्हाला येतंय, आणि ते अंतर वाढवत नेतं. माझा सल्ला असा की पहिलं सेमिस्टरभर "अगेन" आणि "गुड" ही दोनच बटणं आहेत असं धरून चाला.

रोज नवीन कार्डं किती घ्यायची? मुळात सेटिंग 20 चं असतं. ऐकायला फार वाटत नाही, पण रोज 20 नवी घेत राहिलात तर काही आठवड्यांत उजळणीची कार्डं रोज दोनशेच्या घरात जातात. एकाच विषयासाठी हे चालेल. पाच विषय, सबमिशन्स आणि नव्या हॉस्टेलमधलं अर्धवट झोपेचं आयुष्य सांभाळून नाही चालणार. आठ-दहावर या. कार्डं साचलीच तर नवी शून्यावर आणा आणि जुनी रोज थोडी थोडी उपसा. परीक्षेआधी दोन आठवडे तर नवी बंदच ठेवा.

तक्रारीही आहेत. दिसायला अँकी रुक्ष आहे, सेटिंग्जची पानं बघून पहिल्या दिवशी घाम फुटतो. कार्डांची रचना बदलायची तर एचटीएमएल आणि सीएसएस या वेबपानांच्या भाषांशी झटापट करावी लागते. (गणितवाल्यांची तेवढी सोय चांगली आहे, मॅथजॅक्समध्ये सूत्रं व्यवस्थित येतात.) मला सर्वात खटकतं ते वेगळंच. आजची कार्डं संपली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. कॅडॅव्हरवर (विच्छेदनाच्या मृतदेहावर) स्नायू शोधणं, गणित सोडवून बघणं, चार पानांचा निबंध मांडणं, यातलं काहीही कार्डांनी होत नाही. इतिहासाचा विद्यार्थी सनावळ्या आणि तहांच्या अटी यात ठेवू शकेल, पण युक्तिवाद त्याला कागदावरच रचावा लागेल. ज्या विषयात पाठांतर कमी आणि सराव जास्त, तिथे मी या अ‍ॅपला पाचपैकी दोनच देईन. अ‍ॅनाटॉमी, फार्माकॉलॉजी, परकी भाषा, कायद्याची कलमं यांना पैकीच्या पैकी.

डाउनलोड करताना नाव नीट बघा. अ‍ॅप स्टोअर्समध्ये मिळत्याजुळत्या नावांची वेगळीच अ‍ॅप्स आहेत, ती घेतलीत तर तुमचा डेक त्यात सिंक होणार नाही. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड घ्या. ते स्वयंसेवकांनी बनवलेलं आहे आणि मोफत आहे. आयफोनचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं, पण पैसे घालायचे नसतील तर फोनच्या ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडूनही उजळणी करता येते. कार्डं मात्र लॅपटॉपवरच बनवा, छोट्या स्क्रीनवर चित्रावर चौकोन ओढताना हात दुखतो.

पहिल्यांदा सिंक करताना अ‍ॅप विचारू शकतं, डाउनलोड की अपलोड? म्हणजे ऑनलाइन आहे ते ठेवायचं की या मशीनवरचं. इथे घाईत बोट लावू नका, चुकीचं निवडलं तर एका बाजूची सगळी कार्डं पुसली जातात. त्याआधी फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून एक प्रत पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.