सायकलच्या कुलपाची पारख: केबल, साखळी आणि डी-लॉक

कापलेली केबल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गिअरची सायकल ज्या रात्री गेली, त्या रात्री चोराने मागे ठेवलेली ही एकमेव वस्तू. दुसऱ्या दिवशी मी तिचे वरचे काळे प्लास्टिक ब्लेडने सोलून पाहिले. बाहेरून व्हर्नियरवर १२ मिलिमीटर भरणाऱ्या त्या केबलच्या आत जेमतेम ६ मिलिमीटरचा, बारीक तारांचा पीळ होता आणि त्याचे टोक इतके सपाट तुटलेले होते की करवतीने घासल्याची एकही खूण नव्हती. कटरचा एक दाब, फार तर दोन. ३५० रुपयांच्या त्या कुलपाच्या पाकिटावर ‘हेवी ड्यूटी’ असे ठळक छापलेले होते आणि मी ते वाचून समाधानाने पैसे दिले होते, हे येथे कबूल करणे भाग आहे.

नवी सायकल घेतल्यानंतरच्या दीड वर्षात मी चार प्रकारची कुलपे वापरून पाहिली आणि हा अभिप्राय त्या वापरावर आधारलेला आहे. माझ्या स्वतःच्या कुलपांच्या कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण जे दोष मला दिसले ते बहुतेक त्या प्रकाराचे आहेत, एखाद्या उत्पादकाचे नव्हेत, आणि दुकानात गेल्यावर नावापेक्षा काय पाहायचे हे ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते.

सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त ते मागच्या चाकाचे कुलूप. फ्रेमलाच स्क्रूने बसवलेले, नालाच्या आकाराचे, खटका दाबला की ज्याचा दांडा आऱ्यांमधून आरपार जातो ते. आपल्या वडिलांच्या पिढीने आयुष्यभर दुसरे कुलूप वापरले नाही, आणि तरी त्यांच्या सायकली टिकल्या, असा युक्तिवाद मला घरात ऐकावा लागला. त्यात तथ्य आहे, पण कारण वेगळे आहे. ती काळी, दांडीची सायकल वीस किलोच्या आसपास भरायची आणि चाक अडकलेले असताना ती खांद्यावर टाकून गल्लीतून नेणारा माणूस चटकन नजरेत भरायचा; आजची हायब्रिड सायकल तेरा-चौदा किलोची असते आणि ती एका हाताने उचलून टेम्पोत ठेवता येते. चाकाचे कुलूप सायकल चालवू देत नाही, पण उचलून नेण्यापासून वाचवत नाही. किराणा घेण्यापुरते, दुकानाच्या दारात, नजरेसमोर ते पुरेसे आहे. नेदरलँड्समध्ये, जिथे सायकलचोरी ही नित्याची गोष्ट आहे, हेच कुलूप आजही सर्रास वापरतात, मात्र त्याला एक साखळी जोडून ती खांबाला बांधतात. त्यामुळे मी ते टाकाऊ ठरवणार नाही. ते दुय्यम कुलूप म्हणून उत्तम आहे.

केबलविषयी वर लिहिलेच आहे. तिची एकच योग्य जागा आहे: मुख्य कुलूप दुसरे असताना पुढचे चाक किंवा हेल्मेट अडकवून ठेवण्यासाठी. आकड्यांच्या केबलला चावी सांभाळावी लागत नाही हे खरे, परंतु स्वस्त आकडी कुलपावर थोडा ताण देऊन एकेक चकती फिरवली तर योग्य आकड्यापाशी ती किंचित अडते, आणि हे मला स्वतःच्या कुलपावर, रविवारी दुपारी, चहा गार होण्याआधी जमले.

साखळीसाठी मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिथे लोखंडी साखळी वजनावर मिळते, आणि ८ मिलिमीटरच्या कड्यांची ती घसघशीत साखळी हातात घेतली की माणसाला धीर येतो. हा धीर फसवा आहे. मी खिशात एक छोटी कानस नेली होती, ती एका कडीवर तीन-चारदा ओढली तर चकचकीत चर पडला आणि बोटाला लोखंडाचा भुगा लागला. म्हणजे ते साधे, मऊ लोखंड. दुकानदाराने माझ्याकडे जरा रोखून पाहिले, पण मी मीटरभर विकत घेणारच होतो म्हणून काही बोलला नाही. तीच कानस पुढे मी पाणी दिलेल्या, म्हणजे कडक केलेल्या पोलादाच्या साखळीवर ओढली तेव्हा ती काचेवरून घसरावी तशी सरकली आणि फक्त वरचा मुलामा खरवडला गेला. कुलूप विकत घेणाऱ्याला करता येण्यासारखी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही, फक्त दुकानदाराची परवानगी घ्यावी. कड्या गोल असण्यापेक्षा चौकोनी किंवा षट्कोनी असाव्यात, कारण कटरच्या जबड्याला त्यांवर नीट पकड मिळत नाही. आणि साखळी कितीही चांगली असली तरी तिला जोडणारे पितळी कुलूप जर बारीक कडीचे असेल, तर चोर साखळीला हातही लावत नाही.

कडक पोलादाच्या साखळीचा खरा अडथळा तिचे वजन आहे. १० मिलिमीटर कड्यांची मीटरभर साखळी कुलपासकट अडीच-तीन किलोची होते. ती रोज पाठीवर वाहून नेणे माझ्याकडून महिनाभरसुद्धा झाले नाही; आता ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखालच्या खांबालाच कायमची गुंडाळलेली असते आणि रात्रीच्या मुक्कामासाठी तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

रोजच्या वापरासाठी माझा कौल डी-लॉकला, म्हणजे पोलादी कमान आणि तिची दोन्ही टोके जोडणारा आडवा दांडा अशा इंग्रजी D च्या आकाराच्या कुलपाला आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दुकानात टांगलेल्या दहा डी-लॉकपैकी सात-आठ दिसायला सारखीच असतात. पहिली गोष्ट कमानीची जाडी. १० मिलिमीटरच्या आतली कमान मध्यम आकाराच्या कटरने तुटू शकते. १३ मिलिमीटरच्या कडक पोलादाला हात घालायचा तर तीन-साडेतीन फुटी कटर आणि चांगली ताकद लागते. १६ च्या पुढे हाताच्या कटरचा फारसा उपयोग होत नाही, मात्र कुलूप दीड-दोन किलोवर जाते. मी १३ वर थांबलो. जाडी मोजताना वरचे रबरी आवरण वजा करावे, नाहीतर माझ्या केबलची गोष्ट पुन्हा घडेल.

दुसरी गोष्ट आडव्या दांड्यात दडलेली असते आणि विक्रेते ती क्वचितच सांगतात. काही कुलपांत कमानीचे एकच टोक खटक्यात अडकते, दुसरे नुसते वाकवून भोकात बसवलेले असते. अशी कमान एका ठिकाणी कापली की फिरवून मोकळी करता येते. दोन्ही टोके स्वतंत्रपणे अडकत असतील तर दोन ठिकाणी कापावे लागते, म्हणजे चोराचे काम जवळपास दुप्पट. कुलूप उघडून कमानीच्या दोन्ही टोकांना खाचा आहेत का, हे पाहायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

तिसरी गोष्ट आतली मोकळी जागा, आणि येथे ग्राहकाची अंतःप्रेरणा त्याला हमखास चुकवते. मोठे कुलूप म्हणजे सोयीचे, कुठेही अडकवता येईल, असे वाटून मी पहिले डी-लॉक लांबलचक घेतले. प्रत्यक्षात त्या मोकळ्या जागेत कटावणी घालून पिळता येते किंवा गाडीचा छोटा जॅक बसवून कमान फाकवता येते. कुलूप फ्रेम, चाक आणि खांब यांनी जितके गच्च भरलेले, तितकी अवजाराला जागा कमी. म्हणून दुसऱ्या खेपेला मी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून ८ बाय १८ सेंटिमीटरचा आयत कापला, तो सायकलवर आणि रोजच्या दोन-तीन ठिकाणच्या खांबांवर लावून पाहिला आणि मगच त्या मापाचे कुलूप मागवले. ऑफिसजवळचा विजेचा खांब त्यात मावत नाही, पण शेजारच्या कुंपणाचा पाइप मावतो.

या प्रकाराचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेतल्या क्रिप्टोनाइट या कंपनीने १९७२ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये आपले कुलूप लावून एक सायकल तीस दिवस रस्त्यावर ठेवली होती. चोरांनी सुटे होणारे भाग काढून नेले, कुलपात अडकलेली फ्रेम मात्र जागेवर राहिली. त्याच कंपनीची नळीच्या आकाराच्या चावीची कुलपे २००४ साली साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे उघड झाले आणि तिला ती बदलून द्यावी लागली. कमान कितीही जाड असो, किल्लीचा भाग कच्चा असेल तर सगळेच व्यर्थ. आज नामांकित कंपन्यांनी ती गोल किल्ली सोडून दिली आहे, परंतु स्वस्त, बिननावाच्या कुलपांत ती अजूनही दिसते. ती दिसली की मी पुढचे काही पाहत नाही.

पाकिटावरच्या आकड्यांवर किती विसंबायचे? उत्पादकाची स्वतःची मोजपट्टी फक्त त्याच्याच कुलपांत तुलना करायला उपयोगी पडते. जर्मनीच्या अबुस कंपनीची पट्टी १५ पर्यंत जाते, दुसऱ्या कोणाची १० वर संपते, त्यामुळे एकाचे आठ आणि दुसऱ्याचे आठ हे एकच नव्हेत. स्वतंत्र चाचणीचे शिक्के मात्र पाहण्यासारखे आहेत: १९९२ साली पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झालेली ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा श्रेणी देते, आणि नेदरलँड्समधल्या ‘आर्ट’ संस्थेचे तारे तिथल्या सायकल विम्यासाठी विचारले जातात. आपल्याकडे मिळणाऱ्या आयात कुलपांवर हे शिक्के सापडतात. माझ्या कुलपावर गोल्ड आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे यांतले एकही फार वेळ तग धरणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ग्राइंडरची चकतीच झिजवून टाकणारी कुलपे आता निघाली आहेत. हिपलॉकचे डी-१००० हे त्यांतले गाजलेले, पण ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत ब्रिटनमध्येच अडीचशे पौंडांच्या घरात होती आणि तेवढ्यात आपल्याकडे एक बरी सायकल येते. सायकलच्या किमतीच्या दहा टक्के कुलपावर खर्च करावे असे म्हणतात. तो हिशेब माझ्या मते आपल्याकडे लागू पडत नाही, कारण सहा हजारांच्या सायकलला सहाशे रुपयांत धड कुलूप मिळत नाही आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलाची सहा हजारांची सायकल जाणे हे एखाद्याच्या साठ हजारांच्या सायकलपेक्षा कमी नुकसान नसते. जाता जाता, नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू पहिल्यांदाच चोरणाऱ्याने ती परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. बहुतेक जुन्या सायकली याच रकमेच्या आत येतात.

कुलूप कोणते घ्यायचे याइतकेच ते कुठे अडकवायचे हेही महत्त्वाचे आहे. ज्या स्टँडमध्ये फक्त पुढचे चाक खोचता येते, तिथे नुसत्या पुढच्या चाकाला कुलूप लावले आणि ते चाक क्विक-रिलीजचे, म्हणजे अवजाराशिवाय हाताने निघणारे असेल, तर परत आल्यावर कुलूप व चाक दोन्ही शाबूत मिळतात, बाकीची सायकल नसते. सायकलदुरुस्तीवरच्या लेखनासाठी जगभर परिचित असलेले शेल्डन ब्राउन यांचा सल्ला असा होता की छोटे डी-लॉक मागच्या चाकाच्या रिममधून, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आतून घालावे. चाक त्रिकोणातून निघत नाही, त्यामुळे फ्रेम आणि महागडे मागचे चाक दोन्ही एकाच कुलपात अडकतात. मी जमेल तेव्हा सीटखालची नळीही आत घेतो. ‘नो पार्किंग’च्या पाटीच्या खांबाला मात्र बांधू नये, सायकल वरून काढता येते, आणि झाडाभोवतीच्या जाळीचे गज सहसा कुलपापेक्षा बारीक असतात.

पावसाळ्याने माझ्या पहिल्या डी-लॉकची जुलैतच परीक्षा घेतली. किल्लीच्या भोकावरची रबरी झडप नीट मिटत नव्हती, चिखल आत गेला आणि किल्ली फिरेना. आईने सवयीने खोबरेल तेल सोडले, त्याने ते दोन दिवस छान चालले. पुढे थंडी पडली, तेल आत गोठले आणि त्यात धूळ बसून पुन्हा तेच. शिलाई मशीनचे पातळ तेल हे खरे औषध, दोन महिन्यांतून दोन थेंब. नवे कुलूप मी किल्लीचे भोक जमिनीकडे तोंड करून लावतो; त्याने पाणी आत जात नाही आणि कोणाला त्यात काही खुपसायचे असेल तर आडवे व्हावे लागते.

आता वापरात असलेली जोडी अशी: १३ मिलिमीटरचे, दोन्ही टोके अडकणारे, आखूड डी-लॉक आणि मागच्या चाकाचे जुने पद्धतीचे कुलूप, मिळून साधारण तीन हजार रुपये. तक्रार एकच आहे, कुलपासोबत आलेला फ्रेमवरचा प्लास्टिकचा धारक कर्वे रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात खडखडतो. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळल्यापासून तो गप्प आहे. किल्ल्या तीन आल्या. एक माझ्याकडे, एक घरी, तिसरी सदाशिव पेठेत बहिणीकडे ठेवली आहे, आणि तिच्यावरचा क्रमांक मी सायकलच्या बिलामागे, क्रँकच्या नळीखाली कोरलेल्या फ्रेम नंबरच्या शेजारी लिहून ठेवला आहे. तो फ्रेम नंबर मागच्या वेळी पोलीस चौकीत विचारला गेला, तेव्हा माझ्याकडे सांगायला नव्हता.