विद्यापीठाचे संशोधन-भांडार : व्यवस्था उत्तम, दार मात्र अरुंद

आमच्या विद्यापीठाचे ऑनलाइन भांडार डीस्पेस या मुक्त प्रणालीवर चालते. एमआयटीचे ग्रंथालय आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये आणलेल्या या प्रणालीबद्दल माझी तक्रार नाही. शोध चटकन लागतो आणि प्रत्येक नोंदीला कायमस्वरूपी दुवा मिळतो.

तक्रार आहे ती स्वीकृतीच्या धोरणाविषयी. इथे फक्त मंजूर प्रबंध आणि प्रकाशित लेख घेतले जातात. अपेक्षित निष्कर्ष न निघालेल्या एका प्रयोगाचे तक्ते, मोजमापे कशी घेतली याच्या दोन पानी टिपणासह, मी दाखल केले, तेव्हा ‘प्रकाशित लेख जोडावा’ एवढाच शेरा येऊन ते परत आले. तोच प्रयोग उद्या कोणी हाती घेतला, तर त्याचे कित्येक महिने या तक्त्यांनी वाचले असते.

लेखांच्या बाबतीतही प्रकाशकाने मांडणी केलेली अंतिम पीडीएफच मागितली जाते. वास्तविक अनेक प्रकाशक तिला परवानगी देत नाहीत, पण परीक्षणानंतर स्वीकारलेली लेखकाची प्रत ठेवू देतात. परिणामी कितीतरी नोंदींत सारांश दिसतो आणि फाइलवर कुलूप असते. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेतून २०१३ पासून चालणारे झेनोडो हे खुले भांडार विदासंच (डेटासेट), सॉफ्टवेअर, परिषदेतील भित्तिपत्रके आणि नकारात्मक निष्कर्षही स्वीकारून त्यांना डीओआय हा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक देते. माझे तक्ते आता तिथे आहेत. ते विद्यापीठाच्या भांडारात असायला हवे होते, असे मला आजही मनापासून वाटते.

पाचपैकी तीन तारे, तेही ग्रंथालयातील तत्पर कर्मचाऱ्यांमुळे.