चर्च की सिनिअर सेंटर? श्रद्धा नसलेल्याने छोट्या गावात ओळखी कुठे कराव्यात

निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात राहायला गेलात, की "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" हा प्रश्न लवकरच येतो. त्यात खोच नसते. तिथल्या सत्तरीपुढच्या मंडळींच्या गाठीभेटी, आजारपणातली मदत, अंत्यविधीनंतरचं जेवण, सगळं चर्चभोवती फिरतं. देवधर्म न मानणाऱ्याला मग दोन वाटा दिसतात: श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून चर्चमध्येच मिसळायचं, किंवा सिनिअर सेंटरपासून, म्हणजे गावातल्या ज्येष्ठांनी एकत्र जमायच्या केंद्रापासून, सुरुवात करायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

ओळखी किती पटकन होतात एवढंच पाहायचं, तर चर्चला तोड नाही. रविवारच्या उपासनेनंतर कॉफी असते आणि तिथे नव्या माणसाला कुणी एकटं उभं राहू देत नाही. घरात कुणी आजारी पडलं तर जेवण दारात येतं. हा जिव्हाळा खरा असतो. मला तो भरभरून मिळाला.

माझं अडलं ते प्रभुभोजनापाशी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ पाव आणि द्राक्षरस घेण्याच्या कम्युनियन या विधीपाशी. बाकांच्या ओळी एकेक करून उठतात, पुढे जातात आणि आपण बसून राहतो. शेजारच्या आजीबाईंना आपल्या गुडघ्यांवरून वाट काढावी लागते. कॅथलिक चर्चमध्ये इतरांनी ते घ्यायचंच नसतं, त्यामुळे निदान नियम स्पष्ट असतो. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये सगळ्यांना बोलावणं असतं आणि तिथे जास्त अवघड होतं. घ्यावं, तर ज्या गोष्टीला ते सर्वांत पवित्र मानतात तिच्यात आपण खोटे वागतो. न घ्यावं, तर दर वेळी चारचौघांत नकार. काही चर्चमध्ये छातीवर हात आडवे धरून नुसता आशीर्वाद घेता येतो, पण न मानणाऱ्याने तो तरी का मागावा? नंतर कॉफीच्या वेळी कुणीतरी मायेने विचारायचं, "सगळं ठीक आहे ना?" खरं उत्तर द्यायचं, तर धड ओळख नसताना सगळ्यात नाजूक विषय काढावा लागे. ते मला जमेना.

सिनिअर सेंटरची सुरुवात संथ असते, हे मान्य. पत्त्यांच्या टेबलावरच्या खुर्च्या वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात. पण दुपारचं जेवण हा चांगला दरवाजा आहे. 1965 च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टमध्ये 1972 साली सामूहिक जेवणाची सोय आली. त्या कायद्याच्या निधीवर चालणाऱ्या जेवणाला साठीपुढचं कुणीही बसू शकतं, पैसे द्यायचे ते ऐच्छिक. जेवणाआधी टेबलावरचं कुणी डोळे मिटून प्रार्थना करतं, तेव्हा मी चमचा खाली ठेवून थांबतो. तेवढं पुरतं.

खरा फरक पडला तो घरपोच जेवणाचे डबे पोचवायला लागल्यावर. स्वयंसेवक बरेचसे चर्चचेच. एक जण गाडी चालवतो, दुसरा दारापर्यंत जातो, आणि मधल्या वेळात नातवंडं, गुडघेदुखी, कुणाच्या घराची पायरी मोडली आहे, असं काहीही निघतं. श्रद्धेचा विषय तिथेही आला, पण मैत्री झाल्यावर. मग "मी मानत नाही" हे सांगणं सोपं गेलं आणि ऐकणाऱ्यालाही ते जड गेलं नाही.

युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींकडे ठरावीक श्रद्धेची अट नसते. त्यांची सभा जवळपास भरत असेल तर जरूर जावं. छोट्या गावापासून ती बहुधा लांब असते, आणि तिथे भेटतात ते आपल्या गल्लीतले शेजारी नसतात.

ज्यांना भजन-उपासनेचं वातावरण आवडतं आणि प्रभुभोजनाच्या वेळी बसून राहण्याचं काही वाटत नाही, त्यांना कदाचित चर्चच बरं पडेल. बाकीच्यांनी माझ्या मते आधी डबे पोचवायला नाव द्यावं. चर्चच्या पॉटलकचं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचं, बोलावणं त्या गाडीतूनच येतं आणि तिथे खुशाल जावं. गावात सिनिअर सेंटर नसेल तर लायब्ररीत चौकशी करा, जुन्या पुस्तकांच्या विक्रीला त्यांना माणसं नेहमी कमी पडतात.