मडगावकरांसाठी : मोपा की दाबोळी?

गोव्यात विमानतळ दोन, मोपा आणि दाबोळी; पण मोपाचं तिकीट स्वस्त दिसलं की लगेच हरखून जाऊ नका. दाबोळी मडगावपासून जेमतेम 25 किलोमीटर; मोपा पार पेडणे तालुक्यात, 60 किलोमीटरहून लांब. पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी केली, तर तिकिटात वाचलेले पैसे रस्त्यातच जातात. शिवाय अर्ध्या रात्री उठून निघायचं! आईला घेऊन जाताना मी दाबोळीच धरतो, चार पैसे जास्त पडले तरी.

दिवसाचं विमान, एकटा प्रवास, हातात एकच बॅग असेल तर मात्र कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसने मोपा खुशाल गाठावं. 2023च्या जानेवारीत सुरू झालेला विमानतळ, ऐसपैस आहे; दाबोळी नौदलाच्या तळावरचा, त्यामुळे तिथे बंधनं येतात. सावंतवाडी-बांद्याच्या पाहुण्यांना तर मोपाच जवळचं.