‘निरोगी नाती’ कार्यशाळा: अकरावी-बारावीसाठी बोलवा, पण आधी दोन गोष्टी ठरवून घ्या

सांगलीत विश्रामबागला माझा कॉमर्सचा क्लास आहे. मुलं सोळा-सतरा वर्षांची. कुणाचं कुणाशी जमलंय आणि कुणाचं बिनसलंय, हे ताळेबंद जुळायच्या आधी आमच्यापर्यंत पोचतं. गेल्या वर्षी एका हुशार मुलीने मधेच बॅच बदलून मागितली. मैत्रिणींनी सांगितलं की, ‘त्याला’ तिने मुलांच्या शेजारी बसलेलं चालत नाही. म्हणून यंदा बाहेरच्या एका संस्थेची तीन तासांची कार्यशाळा ठेवली. मुलामागे दीडशे रुपये, वर दोघा प्रशिक्षकांचं (एक मॅडम, एक सर) जाण्या-येण्याचं भाडं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कुणालाही बोलावलंत तरी बघायच्या गोष्टी याच आहेत.

पहिला अर्धा तास वाया गेला. पडद्यावर सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र आलं, म्हणजे जोडीदाराला धाकात ठेवायच्या तऱ्हा दाखवणारी गोल आकृती. अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ गावी, नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांच्या अनुभवांवरून 1984च्या सुमारास ते तयार झालं. चक्र चांगलंच आहे, पण ‘घरखर्चाला पैसे न देणे’ हे वाचून अकरावीचं पोरगं काय करणार? मागच्या बाकांवर मोबाईल निघाले.

मग दोरी बांधली आणि खोलीत जीव आला. एका टोकाला हिरवा कागद, दुसऱ्याला लाल. मुलांच्या हातात चिठ्ठ्या: ‘रोज घरापर्यंत सोडतो’, ‘इन्स्टाचा पासवर्ड मागते’, ‘ब्रेकअप केलंस तर हात कापून घेईन म्हणतो’. चिमट्याने जिथे वाटेल तिथे अडकवायची. ‘लाईव्ह लोकेशन चालू ठेव म्हणतो’ या चिठ्ठीवरून जुंपली. एक मुलगा म्हणाला, “काळजी असते म्हणून मागतो की, मॅडम.” मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “आणि तिने बंद ठेवलं तर?” तो गप्प. पलीकडून एक मुलगी म्हणाली, “दोन दिवस बोलत नाही. मग स्टेटसला कायतरी टाकतो.” चिठ्ठी मधल्या जागेवरून लालकडे सरकली, आणि सरकवली त्यानेच. माझ्या मते दीडशे रुपये तिथेच वसूल झाले. नंतर प्रत्येक चिठ्ठीला मुलं स्वतःच विचारू लागली: नाही म्हटलं तर काय होतं?

एका मुलाने गर्लफ्रेंड रोज त्याचा फोन तपासते असं सांगितलं, तेव्हा सगळे हसले. सरांनी हसणं तिथल्या तिथे थांबवलं आणि ती चिठ्ठीही लालकडेच गेली. हे मला आवडलं.

आता तक्रार. सुरुवातीलाच मुलांना सांगितलं गेलं, “इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही.” असं वचन देताच येत नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. त्या कायद्यापुढे अठराच्या आतली संमतीही चालत नाही, दोघांच्या मर्जीचं असलं तरी. पोरांना हे माहीत नव्हतं, आणि कार्यशाळेतही कुणी सांगितलं नाही. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे आधी सांगा. मग मूल काय बोलायचं ते त्याचं तो ठरवेल. जेवताना मी हे बोललो. मॅडमनी ऐकून घेतलं, सर जरा नाराज झाले.

मुलीचा पाठलाग करणं, ती नको म्हणत असताना संपर्क करत राहणं, तिच्या ऑनलाईन वावरावर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 78), हे मात्र नीट समजावलं. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर फळ्यावर लिहिला. मी तो अजून पुसू दिलेला नाही.

संध्याकाळी पालकांसाठी तासभर होता. आले मोजकेच, त्यातही बहुतेक आया. एका वडिलांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही पोरांना प्रेम करायला शिकवताय काय?” सर म्हणाले, “ते शिकूनच आलेत. घरी कळल्यावर तुम्ही मारणार नाही एवढी खात्री त्यांना हवीय.” पुढचा प्रश्न आला नाही.

दिवाळीनंतर नव्या बॅचसाठी याच लोकांना बोलावतोय. चक्र वगळायचं आणि गुप्ततेची मर्यादा पहिल्या पाच मिनिटांत सांगायची, हे फोनवर ठरलंय. पालकांचा तास आदल्या रविवारी सकाळी ठेवलाय. वडीलमंडळी घरी असतात. आठवी-नववीला हाच साचा चालेल असं वाटत नाही, त्यांच्यासाठी चिठ्ठ्या वेगळ्या लागतील.