पन्नाशीनंतर शहर-अभ्यासाचं एम.ए.: पहिल्या सत्रानंतरचा अभिप्राय

मी लालबागची. विमा कंपनीतली नोकरी सोडून बावन्नाव्या वर्षी शहर-अभ्यासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. ‘करू का?’ असं माझ्या वयाच्या बऱ्याच जणी विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

फीचे पैसे वसूल होतात ते फील्डवर्कमध्ये. वरळीच्या बीडीडी चाळींत आम्हाला नेलं. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. सरांनी हातात टेप देऊन गॅलरी मोजायला लावली, मग तिथे कोण काय करतं ते तासभर टिपायला सांगितलं. वाळवण, अभ्यास, भांडण, पत्ते, सगळं त्या चिंचोळ्या जागेत. आता पुनर्विकासात नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, हवंच होतं ते. पण गॅलरीतलं हे सगळं कुठे जाणार, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावरच पडतो.

वडील गिरणीत होते. १९८२चा संप आम्ही घरात सोसला, पण गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते मला वर्गात कळलं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम मॅडमनी ओळ न् ओळ वाचून घेतला. जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची ठरली. गिरण्यांची आवारं तर शेडनी भरलेली! वाटायला उरणार किती? २००६मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती वैध ठरवली. हे माझ्या वडिलांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

खटकलं ते असं: वाचनाची यादी सगळी इंग्रजी. गिरणगावावर मराठीत इतकं लिहिलं गेलंय, त्यातलं एक पान नाही. शोधनिबंधात संदर्भ कसे द्यायचे हे येतंच असं धरून चालतात. पंचवीस-तीस वर्षांनी वर्गात बसणाऱ्याने काय करायचं? नकाशांसाठी क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते फुकट मिळतं, आधीच घरी हात बसवून घ्या. मला वर्गातल्या मुलांनी शिकवलं. मी त्यांना पागडी (भाड्याच्या घरासाठी सुरुवातीला द्यायची मोठी रक्कम) आणि भाडेपावतीची भानगड समजावली. काकू म्हणतात मला, आणि हक्काने फोन करतात.

प्रबंध मराठीत चालेल का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. मला होकार मिळालाय. लालबागमधल्या उपकरप्राप्त इमारतींवर, म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा जुन्या भाड्याच्या इमारतींवर लिहिणार आहे.